चांदी घेताना, वापरताना, मोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान तालुक्याच्या गावातलं. सोनं घ्यायला माणूस चार दुकानं फिरून, भाव पाठ करून येतो. चांदीचं तसं नाही. पैंजण आवडले, वाजवून पाहिले, घेतले. प्रश्न सुचतात ते सहा महिन्यांनी, काळे पडल्यावर किंवा मोडायला आणल्यावर. गल्ल्यावर आणि फोनवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. शुद्ध चांदी आणि ९२५ चांदी यांत फरक काय? ९२५ म्हणजे भेसळ का?

भेसळ नाही, गरज. शुद्ध चांदी म्हणजे हजार भागांत ९९९ भाग चांदी. ती इतकी मऊ असते की तिची जोडवी केली तर चालता चालता बोटाच्या आकाराची होतात आणि मग अंडाकृती. म्हणून तिच्यात तांबं घालतात. ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबं, यालाच स्टर्लिंग म्हणतात. नाणी, बिस्किटं, वर्ख यांना ९९९ ठीक. अंगठी, साखळी, कडं अशा ओढाताण सोसणाऱ्या वस्तूला ९२५ चांगली.

२. सोनार ‘टंच किती’ म्हणतात ते काय?

शंभर भागांत चांदी किती, तो आकडा म्हणजे टंच. ९२५ची चांदी म्हणजे साडेब्याण्णव टंच. सोन्यात कॅरेट बोलतात, चांदीत टंच. दुकानात शिरल्यावर तुम्ही ‘टंच किती?’ एवढं विचारलंत तरी समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते, हे मी काउंटरच्या आतून सांगतो.

३. पैंजण किती टंचाचे असतात? आम्ही तर चांदीचाच भाव दिला होता.

सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

पैंजण ९२५चे मिळतात, तसे ७० टंचाचे मिळतात आणि ६० टंचाचेही. यात लपवाछपवी असायलाच हवी असं नाही. पैंजण पायात असतो, उंबऱ्याला, पायरीला, मोटारसायकलच्या पॅडलला आपटतो. बारीक कड्यांची साखळी मऊ चांदीत टिकत नाही, त्यामुळे तांबं जास्त घालणं कारागिराच्याही सोयीचं असतं. गडबड होते ती हिशोबात.

सोपा आकडा घेऊ. चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरा (खरा भाव त्या दिवशीचा पाहा). १०० ग्रॅमचा ७० टंचाचा जोड. त्यात शुद्ध चांदी ७० ग्रॅम, म्हणजे ७,००० रुपयांची. पुष्कळ दुकानांत तो पूर्ण वजनावर, १०,००० रुपयांना विकला जातो आणि वर ‘घडणावळ फुकट’ असं सांगतात. घडणावळ फुकट नसते, ती त्या ३,००० रुपयांत बसलेली असते. दोन वर्षांनी तो जोड मोडायला नेला की सोनार ७० टंच धरतो, घट (गाळताना कमी होणारं वजन) कापतो, आणि घरी येऊन आपण म्हणतो, ‘फसवलं.’ फसवलं असलंच तर ते मोडताना नाही, घेताना टंच सांगितला नाही तेव्हा.

म्हणून दोन सरळ पद्धतींपैकी एक मागा: टंचाप्रमाणे चांदीचा भाव आणि घडणावळ वेगळी, किंवा एकच रक्कम, पण बिलावर टंच लिहून. दुसऱ्या पद्धतीत काही वावगं नाही, आकडा लिहिला की झालं.

४. बिलावर नेमकं काय काय हवं?

निव्वळ वजन (खडे, लाख, दोरा वगळून), टंच, त्या दिवशीचा भाव, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी. शिवाय मोड घालताना काय धरणार, हे तोंडी ठरलं असेल तर तेही लिहून घ्या. ‘चांदी पैंजण, १ जोड’ एवढंच लिहिलेला कागद म्हणजे बिल नव्हे, चिठ्ठी.

५. चांदीला हॉलमार्क सक्तीचा आहे का?

हॉलमार्क म्हणजे तपासून ठोकलेली शुद्धतेची खूण. सोन्याला ती टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, त्याची सुरुवात जून २०२१ला झाली. चांदीला ती ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या हॉलमार्कमध्येही सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक, आला. खुणेत तीन गोष्टी असतात: ‘सिल्व्हर’ या शब्दासह भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी. ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये क्रमांक टाकला की नोंदीतली शुद्धता दिसते. बारीक पैंजणावर ही खूण साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही. दुकानात भिंग असतं, मागा, कोणी नाही म्हणत नाही.

६. माझ्या अंगठीवर फक्त ‘९२५’ ठोकलंय. तो हॉलमार्क झाला का?

नाही. आकड्याचा ठसा कुणीही बनवून घेऊ शकतो आणि पितळेवरही ठोकू शकतो. अंगठी खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण त्या आकड्याला ठोकणाऱ्यापलीकडे साक्षीदार नाही. खात्री हवी तर पुढचे दोन प्रश्न वाचा.

७. घरच्या घरी चांदी खरी की खोटी ओळखता येते का? चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही.

चुंबकाला तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (प्रश्न १४) यांतलं काहीच चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत जवळजवळ सगळेच पास होतात. बर्फ ठेवून पाहायची युक्तीही तशीच. चांदी उष्णता सर्व धातूंत जास्त वेगानं वाहून नेते हे खरं, पण तांबंही तिच्या मागोमाग आहे.

बऱ्यापैकी भरवशाची युक्ती घनतेची. ग्रॅमचे दशांश दाखवणारा छोटा काटा हवा. वस्तूचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो वस्तूच्या आकारमानाचा. वजनाला त्यानं भागा. शुद्ध चांदी १०.४९ च्या आसपास येते, ९२५ची १०.३ ते १०.४, ७० टंचाची साधारण १०, पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठ ते नऊच्या मध्ये. मी परवाच एक नाणं असं पाहिलं. वजन २०.१ ग्रॅम, पाण्यात काटा २.३ वर थांबला. भागाकार ८.७. गिऱ्हाईक म्हणालं, ‘पण वाजतं छान.’

पोकळ कडं, घुंगरू, लाख भरलेले तोडे, खड्यांचे दागिने यांना ही युक्ती लागू नाही. आत हवा किंवा लाख असली की हिशोब कोसळतो.

८. मशीनवर ९२ टंच दाखवला आणि गाळल्यावर ७० भरला. मशीन खोटं की सोनार?

बहुधा दोघंही नाहीत. क्ष-किरणांचं टंच मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. दागिन्यावर शुद्ध चांदीचा मुलामा असेल, किंवा आम्लात पॉलिश करताना वरचं तांबं निघून गेलं असेल, तर मशीनला वरची श्रीमंती दिसते. शिवाय साखळीत प्रत्येक कडीला डाग दिलेला असतो, म्हणजे दुसरा धातू वितळवून सांधा जोडलेला असतो. डागाच्या धातूत तांबं-जस्त जास्त असतं, त्यामुळे गाळल्यावर सबंध दागिन्याचा टंच उतरतो. जास्त वजनाची मोड असेल तर एका जागी नाही, तीन-चार जागी कानस मारून आतला धातू मशीनखाली धरायला सांगा. दागिना जाणारच आहे, ओरखड्याचं दुःख करू नका.

९. चांदी काळी का पडते? शुद्ध असेल तर पडायला नको ना?

उलट आहे. काळी पडणं हा चांदीचा स्वभाव आहे. तिचं प्राणवायूशी फारसं जमत नाही, म्हणून लोखंडासारखी गंजत नाही, पण गंधकाशी तिचं फार सख्य. हवेतला, घामातला, अन्नातला गंधक चांदीच्या वरच्या थराशी जुळून सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, ते काळं. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग काळं. ९९९चं नाणंही काळं पडतं, ९२५ थोडं लवकर. कधीच काळी पडत नाही अशी ‘चांदी’ असेल तर तिच्यावर रोडियमचं पाणी आहे किंवा ती चांदी नाही.

घरातले गुन्हेगार: अंडं, कांदा, लोकर, रबर बँड, वर्तमानपत्राचा कागद. दागिना रबर बँड लावून वर्तमानपत्रात गुंडाळणारे लोक काळजीच घेत असतात बिचारे. वज्रेश्वरी-गणेशपुरीसारख्या गंधकाच्या गरम कुंडांत उतरताना पैंजण आधी काढा, नाहीतर पोरगी चंदेरी पायानं आत जाते आणि काळ्या पायानं बाहेर येते.

१०. सुनेच्या पायातले पैंजण आठ दिवसांत काळे होतात. अंगात उष्णता आहे म्हणतात, नजर लागली असंही म्हणतात.

काकू, सुनेला काहीही झालेलं नाही. प्रत्येकाच्या घामाची घडण वेगळी असते. साबण, केसांचा रंग, मलम, काही औषधं यांनीही फरक पडतो. त्यात पैंजण कमी टंचाचे असतील तर तांबंही घामात रंग सोडतं आणि घोट्यावर काळसर-हिरवट पट्टा उमटतो. पुढचा जोड जास्त टंचाचा घेऊन पाहा. रोज अंगावर घासली जाणारी चांदी पेटीतल्या चांदीपेक्षा उजळ राहते, हेही खरं.

११. चांदी घासायची कशानं? टूथपेस्ट, रांगोळी, चिंच, राख?

रोजच्या वापराच्या दागिन्याला रिठा. चार-पाच रिठे कोमट पाण्यात भिजवून कुस्करा, फेस आला की दागिना त्यात पंधरा मिनिटं ठेवा, लहान मुलांच्या मऊ ब्रशनं घासा, धुऊन लगेच सुती फडक्यानं कोरडा करा. माझी आजी एवढंच करायची आणि तिच्या गोटांवरची नक्षी शेवटपर्यंत शाबूत होती.

रांगोळी आणि टूथपेस्ट चमक आणतात ते खरवडून. गुळगुळीत ताटाला एकदा चालेल, नक्षीला नाही. चिंच-लिंबाचा जोर तांब्या-पितळेवर, चांदीच्या काळ्या थरावर त्याचं फारसं चालत नाही.

दुकानात पॉलिशला टाकाल तेव्हा वजन करून द्या आणि वजन करूनच परत घ्या. पॉलिशमध्ये थोडी चांदी जातेच, पण ती किती, हे काट्यावर दिसलं पाहिजे.

१२. अॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याची युक्ती खरी आहे का?

खरी, आणि पाहायला मजेची. पातेल्यात फॉइल अंथरा, चमकती बाजू वर. सोडा आणि कडकडीत पाणी घाला, चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजा काम सुरू झालं: काळ्या थरातला गंधक अॅल्युमिनियम ओढून घेतं आणि चांदी होती तिथंच राहते. घासण्यानं झिज होते, यात जवळजवळ नाही.

पण ऑक्सिडाइज्ड दागिना (प्रश्न १३) यात टाकलात तर मुद्दाम केलेली काळी नक्षीही जाईल. खडे चिकटवलेले, मोती असलेले, लाख भरलेले दागिने अजिबात नकोत. गरम पाण्यानं लाख मऊ होते आणि तोडा आतून खुळखुळायला लागतो.

१३. ऑक्सिडाइज्ड दागिने चांदीचे असतात का?

काही असतात, बहुतेक नसतात. खऱ्या ऑक्सिडाइज्ड चांदीला गंधकाच्या द्रावणात मुद्दाम काळं करतात आणि वरचे उंचवटे घासून उजळतात, म्हणजे खोलगट भागात काळोख राहून नक्षी उठून दिसते. नाव ऑक्सिडाइज्ड, काम गंधकाचं. तुळशीबागेत शे-दोनशे रुपयांना मिळतात ती कानातली चांदीची नसतात, आणि तसा दावाही कोणी करत नाही. हौसेनं घ्या, हौसेनं घाला.

१४. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी किती टक्के?

शून्य. तांबं, निकेल आणि जस्त. हळदीकुंकवाचं वाण द्यायला छान, पण निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांना कानात-गळ्यात खाज सुटते.

१५. पायात सोनं का घालत नाहीत?

सोनं म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लावायचा नाही, हे कारण घरोघरी सांगतात. राजघराण्यांत पायात सोनं असे, आणि तो मान समजला जाई. मला यात व्यवहारही दिसतो. पायातला दागिना वजनदार हवा, त्याला नाद हवा, तो झिजतो, हरवतो. तेवढं सोनं कुणाला परवडणार? म्हणून कमरेपासून खाली सगळं राज्य चांदीचं: कंबरपट्टा, छल्ला, करदोटा, तोडे, वाळे, पैंजण, जोडवी, मासोळ्या, विरोद्या. एकेका पायाच्या बोटाला वेगळं नाव असलेला दागिना. आता नव्या मुली जोडवीच मागतात, तीही ‘बारीक दाखवा’ म्हणून. विरोद्या मागणारं गिऱ्हाईक मला शेवटचं कधी भेटलं ते आठवत नाही.

१६. जोडव्यांनी गर्भाशयाची नस दाबली जाते, हे खरं का?

याला वैद्यकीय पुरावा नाही. जोडवी सौभाग्यलेणं म्हणून घाला, आवडतात म्हणून घाला. गरोदरपणात पाय सुजले तर मात्र वेळीच काढा. रुतलेली जोडवी कापायला लोक आमच्याकडे येतात, तेव्हा बोट निळं झालेलं असतं. काढली म्हणून अपशकुन होत नाही.

१७. बाळाला वाळे, मनगट्या, चांदीची वाटी, बोंडलं द्यावं का?

द्या की. बारशाला मामाकडून वाळे आले नाहीत तर आज्या वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. पण सुटतील असे घुंगरू नकोत, बाळ पहिल्यांदा तोंडातच घालतं. कड्याचं तोंड गोल घासलेलं हवं, टोचणारं नको, आणि टंच चांगला हवा, कारण ते चोखलं जाणार.

उष्टावणाची वाटी-चमचा सुंदर चाल आहे. चांदीचे कण काही जंतूंना मारक असतात आणि भाजलेल्या जखमेवरच्या मलमांत चांदीचं संयुग वापरतात, हे खरं. त्यावरून ‘चांदीच्या पेल्यातलं पाणी प्यायल्यानं बुद्धी वाढते’ इथपर्यंत उडी मारू नका. बाटलीतलं ‘चांदीचं पाणी’ औषध म्हणून पिणं तर टाळाच. चांदी शरीरात साठून कातडी कायमची निळसर-राखाडी झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. बोंडल्याची चोच आतून नीट घासता येत नाही, ते रोजच्या वापरात नकोच.

मोठ्यांसाठी दोन गोष्टी. चांदीच्या ताटात मीठ वाढून तसंच ठेवू नका, डाग पडतो. आणि कोजागिरीला चांदीच्या पेल्यात उकळतं दूध ओतून पाहुण्यांच्या हातात देऊ नका, पेला दुधाइतकाच तापतो.

१८. देवघरातले टाक झिजलेत, खंडोबाचा घोडा ओळखू येत नाही. नवे कसे करायचे? जुन्यांचं काय?

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशानं उठवलेला देव, आणि तो दर सणाला घासला जातो. म्हणजे पिढीगणिक झिजणारच. नवे करताना आपले देव कोणते आणि त्यांची खूण काय, हे आधी घरच्या वडीलधाऱ्यांकडून पक्कं करा. ‘आमचा देव घोड्यावर आहे’ एवढ्यावर टाक करता येत नाही, खंडोबाही घोड्यावर असतो आणि जोतिबाही. जुने टाक फोटो काढून नाही, प्रत्यक्ष आणा, उजेडात तिरके धरले की पुसट रेषा दिसतात.

मागून तांब्याचा पत्रा जोडलेलेही टाक विकले जातात, तेव्हा विचारून घ्या. जुन्या टाकांचं काय करायचं हे घराघराचं वेगळं: कुणी विसर्जन करतात, कुणी तीच चांदी नव्या टाकांत घालायला सांगतात. दुसरं करणार असाल तर समोर बसून आटवून घ्या. देवाच्या चांदीत अदलाबदल झाल्याचा संशय एकदा शिरला की तो तीन पिढ्या जात नाही. नवे टाक घरात बसवण्याआधी जेजुरीला नेऊन देवाला भेटवायचे की नाही, ते तुमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे.

१९. मिठाईवरचा वर्ख खरा कसा ओळखायचा? तो शाकाहारी असतो का?

चिमटीत घेऊन चोळा. चांदीचा वर्ख विरून जातो, अॅल्युमिनियमचा असेल तर त्याची बारीक गोळी होते. पूर्वी वर्ख जनावराच्या आतड्याच्या पडद्यांत ठेवून कुटत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमानं प्राणिजन्य पदार्थाचा वापर बंद केला आणि वर्खाच्या चांदीची शुद्धता ९९९ ठरवली. आता बराच वर्ख यंत्रावर होतो.

२०. आजोबांचे राणीछाप रुपये सापडलेत. किती चांदी आहे त्यात? घासून ठेवू का?

घासू नका, आधी हातातलं फडकं खाली ठेवा. नाण्यांच्या संग्राहकाला घासलेलं नाणं नको असतं, त्या जुन्या काळवंडीलाच तो पैसे देतो.

ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४०मध्ये चांदी निम्म्यावर आणली आणि १९४७चा रुपया निकेलचा निघाला. म्हणजे नाण्यावरचं साल वाचलंत की चांदी कळली. या रुपयाचं वजन म्हणजेच एक तोळा. ‘वीस भाराचे तोडे’ म्हणताना जुनी माणसं रुपयाभार वजनच सांगत असत. आज भार म्हटलं की बाजारात १० ग्रॅम धरतात. जुन्या वहीतले भार आजच्या ग्रॅममध्ये करताना हा फरक विसरू नका, वीस भारांत तेहेतीस ग्रॅमचा फरक पडतो.

२१. दारावर ‘जुनी जरीची साडी द्या’ म्हणत येतात. पैठणी द्यावी का?

अस्सल जुन्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर सोन्याचं पाणी. साडी जाळून, राख गाळून ती चांदी काढतात, म्हणून ते लोक येतात. दारातल्या दारात सौदा करू नका. काठाचा एक सुटा धागा काढून आधी सोनाराला दाखवा. आजकालच्या बऱ्याच साड्यांत जर तांब्याची किंवा प्लॅस्टिकची असते, तिला तसा भाव नाही. आणि पदर शाबूत असेल तर मोडू नका, नव्या साडीला लावून देणारे विणकर-शिंपी मिळतात.

२२. चांदी घ्यायला हुपरीला जावं की खामगावला?

दोन्ही गावांचं काम वेगळं. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातली हुपरी पैंजणांची. तिथं आणि रेंदाळसारख्या आसपासच्या गावांत घराघरात काम चालतं: एकाकडे तार ओढणं, दुसऱ्याकडे कड्या जुळवणं, तिसऱ्याकडे डाग, कुणाकडे फक्त घुंगरू, शेवटी पॉलिश. एक जोड पायात येईपर्यंत बऱ्याच हातांतून गेलेला असतो. तुम्ही कुठल्याही शहरात घेतलेला पैंजण हुपरीचा असू शकतो, तसाच तो आग्र्याचा, राजकोटचा किंवा सेलमचाही. बुलढाणा जिल्ह्यातलं खामगाव शुद्ध चांदीसाठी नावाजलेलं, त्याला रजतनगरीच म्हणतात; भांडी, नाणी, पूजेचं साहित्य तिथून नेणारे लांबून येतात. मुद्दाम तिकीट काढून जाण्याएवढी खरेदी असेल तर जा. एका जोडासाठी गावातला सोनार बरा, तो डाग निखळला तर उद्या सापडतो.

२३. देवळातले चांदीचे दरवाजे, मखर अख्खे चांदीचे असतात का?

बहुधा लाकडावर चांदीचा पत्रा. पत्रा राळेवर ठेवून मागून ठोकत नक्षी उठवतात, मग लाकडावर बसवतात. जुनं गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे, १६३७ची, गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली. उठावाचं काम काय असतं ते पाहायचं तर ती जरूर पाहा.

२४. मोड घालताना किती कापलं तर योग्य?

एक ठरावीक आकडा नाही, म्हणून पद्धत पाहा. आधी खडे, लाख काढून निव्वळ वजन. मग टंच. मग गाळणीची घट. या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून दिल्या तर हिशोब दिसतो. ‘एकूण चाळीस टक्के कट’ असं कोणी म्हणालं तर उठा.

वजन जास्त असेल तर गलाईवाल्याकडे गाळून, लगड करून, तिचा टंच काढून मग विका. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं हा गलाईचा धंदा देशभर करतात. तुम्ही भारतातल्या कुठल्याही शहरातल्या सराफ बाजारात गेलात तरी गाळणीच्या भट्टीपाशी मराठी ऐकू येण्याची शक्यता असते. आमचा एक गिऱ्हाईक लांब उत्तरेत बदलीवर गेला होता, पत्नीचे तोडे मोडायला भट्टीवर गेला आणि भट्टीवाल्यानं ‘कोणत्या गावचं?’ म्हणून मराठीतच विचारलं.

२५. चांदी एवढी उसळते आणि पडते का? गुंतवणूक म्हणून घेऊ का?

चांदी नुसता दागिना नाही. वीज वाहून नेण्यात तिच्याइतका चांगला दुसरा धातू नाही, त्यामुळे सौर पॅनेल, स्विच, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांत ती जाते आणि कारखान्यांची मागणी वाढली की भाव हलतो. पुरवठा मात्र हट्टी आहे. जगात सर्वाधिक चांदी मेक्सिकोत निघते, पण बहुतेक चांदी जस्त, शिसं, तांबं यांच्या खाणींत जोडीला मिळते. आपल्याकडेही राजस्थानातल्या जस्त-शिशाच्या खाणींतून येते. भाव वाढला म्हणून खाणवाला फक्त चांदी जास्त काढू शकत नाही.

गुंतवणूकच करायची तर पैंजण हा त्याचा मार्ग नव्हे (प्रश्न ३ चा हिशोब पुन्हा पाहा). ९९९ची नाणी-बिस्किटं घ्या किंवा सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारा चांदीचा फंड. घेतलेल्या भावापेक्षा खाली येईल, त्या दिवशी झोप लागेल एवढीच घ्या.

२६. चांदीवर कर्ज मिळतं का?

मिळतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नियमावलीत सोन्याबरोबर चांदीही तारण म्हणून आली आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरली. दागिने १० किलोपर्यंत, नाणी ५०० ग्रॅमपर्यंत. विटा आणि लगडी यांवर नाही.

२७. परदेशात राहतो. चांदीची भांडी डिशवॉशरमध्ये टाकली तर?

टाकू नका. तिथली पावडर आणि उष्णता दोन्ही वाईट, आणि स्टीलच्या चमच्याला टेकली तर डाग पडतात. ठेवताना सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत, आत खडूचा एक तुकडा ओल टिपायला. खडू दर वर्षी बदला.

२८. आजेसासूबाईंचे तोडे आहेत, जवळजवळ अर्धा किलो. कोणी घालत नाही. मोडून मुलींना पैंजण करू का?

ताई, हा प्रश्न महिन्यातून एकदा येतोच, आणि माझा धंदा मोडण्यावर चालत असूनही मी आधी तोडे हातात घेऊन पाहतो. हातघडणीचे असतील तर फाश्याजवळ (तोडा अडकवायची कडी) बारीक छिन्नीचे असमान टिंब दिसतात, यंत्राचे टिंब एकसारखे असतात. असं काम करणारा हात आता सहज मिळत नाही, आणि मोडीत त्या कामाचा एक रुपयाही मिळत नाही, फक्त धातूचा मिळतो.

आतून लाख असेल तर अर्ध्या किलोतले किती ग्रॅम चांदीचे, हे मोडल्याशिवाय नीट कळत नाही आणि मोडल्यावर निराशा होते. मागच्या दिवाळीआधी दोघी बहिणी असेच तोडे घेऊन आल्या होत्या. दोघींनी एकेक पायात घालून पाहिला, आरशासमोर उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या. धाकटी म्हणाली, ‘बाप रे, ही बाई एवढं वजन घेऊन विहिरीवर जायची?’ मग फासे तेवढे दुरुस्त करून, एक तोडा एकीनं आणि दुसरा दुसरीनं नेला.